मूळ हात

चार लिंबांपैकी तीन नीट चिरडली गेली. चौथं, उजव्या पुढच्या चाकाखालचं, मधोमध ठेवलेलं होतं. गाडी सुटायच्या आधी चाक जागच्या जागी किंचित वळलं, परत आलं, पुन्हा वळलं, आणि त्या हलण्याने लिंबू कडेला सरकलं. मग गाडी पुढे आली तेव्हा त्याची एका बाजूची साल तेवढी फाटली. उरलेलं लिंबू घरंगळत शोरूमच्या काचेपाशी जाऊन थांबलं. ऋजुताने ते पाहिलं. नवी कोरी गाडी, गुळगुळीत फरशी, समोर काहीच नाही, मग चाक का हललं असेल, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि तो विचार तिथेच राहिला.

गाडी ऋजुता ताम्हनकरची होती, करार तिच्या नावाने होता. पण शोरूममधून पहिल्यांदा गाडी बाहेर काढायला तिने सासूबाईंना बसवलं होतं. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिलाच वाटलं. डॉ. नीलिमा ताम्हनकर मिरजेत दातांचा दवाखाना चालवायला लागल्या तेव्हा ऋजुताचा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या आळीत बायका सायकलच्या पुढे गेल्या नव्हत्या, तेव्हापासून त्या मोटार चालवत होत्या.

"मी कशाला? गाडी तुझी," त्या म्हणाल्या होत्या.

"मुहूर्त तुमच्या हातून होऊ दे, आई."

"माझ्या हातून दात पडतात. मुहूर्ताचं मला माहीत नाही."

पण त्या बसल्या. अक्षय्य तृतीया होती, मागे आणखी सात-आठ गाड्या हार घालून उभ्या होत्या, आणि गुरुजी सारखे घड्याळाकडे बोट दाखवून राहुकाळाची आठवण करून देत होते. विक्री विभागातली मुलगी टॅब घेऊन आली. "मॅडम, अंगठा इथे, इथे आणि शेवटी इथे." औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदही उलगडून वाचणाऱ्या ऋजुताने तीन वर्षांच्या, मध्येच मोडता न येणाऱ्या करारावर न वाचता तीन अंगठे उमटवले.

ऋजुता भूजलशास्त्रज्ञ होती. जत आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या निरीक्षण विहिरी तिच्याकडे होत्या. पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायची, हे वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. ती मोजणी हुकली तर ते वर्ष हुकलं. पाऊस पडल्यानंतर आधीची पातळी कुणालाच मोजता येत नाही. गाडी त्यासाठीच घेतलेली.

पहिल्याच खेपेला जतच्या रस्त्यावर समोर एक शेळी आली. ऋजुताने स्टीअरिंग फिरवलं. गाडीने जणू आधी ऐकून घेतलं, मग विचार केला, आणि मग वळली. शेळी वाचली ती स्वतःच्या चपळाईने. पुढे प्रत्येक वळणावर तेच. तिसऱ्या दिवशी काचेवर अक्षरं उमटली: 'मूळ हाताशी जुळत नाही. वेगमर्यादा चाळीस.' त्यानंतर गाडी चाळीसच्या पुढे जाईना. ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागले.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. संध्याकाळी सासूबाई किल्ली मागून घ्यायच्या आणि सांगलीपर्यंत चक्कर मारून यायच्या.

"लोण्यासारखी चालते गं," त्या म्हणाल्या. "दोष गाडीत नाही, चालवणारीत आहे."

"आई, मी कॉलेजात असल्यापासून चालवते आहे."

"तेच म्हणते मी. कॉलेजात असल्यासारखी चालवतेस."

ऋजुता शोरूममध्ये गेली. तिथले व्यवस्थापक इम्तियाज मुजावर, पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, स्वतः गाडी घेऊन बाहेर पडले आणि कपाळ पुसत परत आले.

"खोटं कशाला बोलू मॅडम, मलाही वळेना. पण गाडीत बिघाड नाही. ही शिकली आहे तशी चालते."

त्यांनी सांगितलं त्यातलं निम्मं ऋजुताला ठाऊक होतं. स्टीअरिंग आणि चाकं यांना जोडणारा लोखंडी दांडा गाड्यांतून जाऊन काही वर्षं झाली होती. आता हात स्टीअरिंग फिरवतो, स्टीअरिंगखालचा संवेदक ते मोजतो, आणि तारेतून चाकाला आज्ञा जाते. अडचण एवढीच की माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. प्रत्येकाच्या हातात बारीक, न दिसणारं थरथरणं असतं. संवेदक इतका नाजूक की त्याला तेही ऐकू येतं. म्हणून गाडी शोरूमच्या दारापासून फाटकापर्यंतच्या पहिल्या अंतरात त्या हाताचं थरथरणं शिकून घेते, आणि पुढे आज्ञेतून ते गाळून टाकते. त्या पहिल्या माणसाच्या हाताला करारात 'मूळ हात' म्हटलेलं होतं.

निरोगी माणसांचं थरथरणं जवळपास सारखंच असतं, त्यामुळे एकाच्या हाताला लावलेली गाळणी दुसऱ्यालाही चालून जाते. पण गाळण्याला वेळ लागतो. चहा जाळीतून लगेच उतरतो, फडक्यातून थेंब थेंब. मूळ हातातून बरंच काही गाळायचं असेल तर गाडी फडकं लावते, आणि मग दुसऱ्या कुणाचा साधा, झटकन दिलेला हिसकाही त्या फडक्यात अडकून उशिरा पोचतो. हा उशीर धोक्याचा ठरला की वेगाला लगाम.

"मग मूळ हात बदला," ऋजुता म्हणाली. "माझा घ्या."

"तसं नाही होत. अपघात झाला की लोक हात बदलून दुसऱ्याचं नाव पुढे करायचे, म्हणून तो आता सीलबंद असतो. करारातलं चौदावं कलम."

"पहिली गाडी कोण काढतो यावर सगळं ठरतं, हे तुमच्या माणसांनी सांगायला हवं होतं."

"हवं होतं. मान्य आहे मला. पण मुहूर्ताच्या गर्दीत कोण कुणाचं ऐकतंय, सांगा. एका गिऱ्हाइकाने तर गुरुजींनाच बसवलं. गुरुजींना गाडी येत नव्हती. आता ती गाडी त्यांच्यासारखेच आचके देत चालते." ते हसले, मग थांबले. "तुमची कुणी काढली होती?"

"सासूबाईंनी."

"त्यांना नीट येते ना?"

"माझ्यापेक्षा चांगली."

मुजावरांनी संगणकावर काहीतरी उघडलं, पाहिलं, आणि पडदा तिच्याकडे न वळवता म्हणाले, "आलेख तुमच्या फोनवर पाठवतो. मालक म्हणून तुमचा हक्क आहे. तुम्ही शास्त्राच्या आहात, तुम्हीच बघा. नंतर तक्रार करायची असेल तर अवश्य करा. ग्राहक मंचापुढे आमची चूक निघेल, तुम्हाला दुसरी गाडी मिळेल. फक्त आलेख पुरावा म्हणून लावावा लागेल. आणि कुणाचा हात, तेही."

तो आलेख ऋजुताने घरी जेवणाच्या टेबलावर बसून पाहिला. बोअरच्या पंपांची कंपनं पाहण्यात तिची वर्षं गेली होती. निरोगी हाताचं थरथरणं सेकंदाला दहाच्या आसपास असतं, आणि इतकं लहान की आलेखात ते गवतासारखं दिसायला हवं. इथे पाच आणि सहाच्या मध्ये एक सुळका उभा होता. रस्त्यामुळे म्हणावा तर फरशी गुळगुळीत होती. मोटरचा म्हणावा तर मोटरची कंपनं याच्या कितीतरी वर असतात. तिला काचेपाशी जाऊन थांबलेलं लिंबू आठवलं.

"चहा घेणार का?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं आणि त्या दोघींचा चहा घेऊन आल्या. तिच्यासाठी कपबशी, स्वतःसाठी स्टीलचा पेला. ताम्हनकरांच्या घरात चहा कपबशीतच व्हायचा, निळ्या काठाच्या. सासूबाई पेल्यातून कधीपासून पिऊ लागल्या ते ऋजुताला आठवेना. पेल्याला बशी नसते, म्हणजे वाजायलाही काही नसतं. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्या डबा विसरून गेल्या, म्हणून ऋजुता तो द्यायला दवाखान्यात गेली. खुर्चीत जमखंडीकर वहिनी गाल धरून बसल्या होत्या.

"काढून टाका हो डॉक्टर एकदाचा."

"अजून सूज आहे. सोमवारी बघू."

"गेल्या सोमवारीही तुम्ही हेच म्हणालात."

"दात कुठे पळून जातोय? लवंगेचं तेल लावा तोवर."

"तेल लावून लावून तोंडाचा मसालेभात झालाय माझ्या."

सासूबाई हसल्या. दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. ऋजुताने डबा ठेवला आणि ती निघाली. जाताना तिला एवढंच जाणवलं की वाट पाहायच्या खोलीत पूर्वी बसायला जागा नसायची आणि आज ती एकटी उभी होती.

नवरा निनाद विशाखापट्टणमच्या बंदरात नोकरीला होता. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं.

"आईला तूच विचार," तो म्हणाला.

"मुलगा तू आहेस."

"म्हणूनच. मला ती दोन वाक्यांत गप्प बसवेल. तुझं ती ऐकते."

"माझं?"

"निदान ऐकल्यासारखं करते."

ऋजुताने विचारलं नाही. तक्रारीचा अर्ज तिने भरला, आलेख जोडायच्या ठिकाणी थांबली आणि तो तसाच ठेवून दिला. मोजणीला ती चाळीसच्या वेगाने जात राहिली. पहाटे निघायची, तरी लांबच्या विहिरी रोज उद्यावर पडत होत्या. त्या आलेखाखाली एकदा नाव लागलं की ते मागे घेता येणार नव्हतं. दंतवैद्य म्हणून ज्या हातांवर गावाने तोंड उघडून विश्वास टाकला, त्या हातांचं मोजमाप सुनेने गाडी बदलून घेण्यासाठी मंचापुढे मांडायचं, हे तिला जमेना. आणि न मांडावं, तर तेच हात उद्या कुणाच्या तरी हिरडीत सुई घालणार होते. यातलं कोणतं जास्त वाईट, हे ठरवायला तिच्याकडे कोणताच आलेख नव्हता.

रविवारी तिने ठरवलं, निदान तक्रार तरी नको. शोरूमला जाते, एवढंच ती घरात म्हणाली.

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "आणि मीच चालवते. तुझ्या चाळीसने गेलो तर पोचेपर्यंत ते शोरूम बंद करतील."

मिरज-सांगली रस्ता रविवारी मोकळा होता. ऋजुता त्यांच्या बाजूच्या सीटवर बसली आणि पहिल्यांदाच मुद्दाम बघू लागली. हात थरथरत होते. स्टीअरिंगवर उजव्या हाताची बोटं तर स्पष्ट, एका लयीत. गाडी मात्र पट्टीने रेघ मारावी तशी जात होती. एका रिक्षाला वळसा घालून त्या पुन्हा आपल्या पट्ट्यात आल्या, तेव्हा ऋजुताच्या पर्समधली पाण्याची बाटलीही कलंडली नाही.

"बघून झालं का?" समोर बघतच सासूबाई म्हणाल्या.

ऋजुताने नजर वळवून रस्त्याकडे पाहिलं.

"मला वाटलं चहाच्याच वेळी विचारशील. पेल्याकडे अशी बघत होतीस, जशी काही त्याच्या तळाशी तुझी विहीर आहे."

"कुणाला दाखवलंत का?"

"दाखवलं. बेळगावला जाऊन. मिरजेतला प्रत्येक डॉक्टर माझा पेशंट आहे, इथे कुणाला दाखवू?" त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. "तुला वाटतोय तसला मोठा आजार नाही. नुसता कंप आहे. हात काही करायला गेला की सुरू होतो. वाढत जाणार, पण माणूस त्याने मरत नाही. गोळ्या दिल्या आहेत, पण त्यांनी माझी झोप वाढते, कंप आहे तिथेच."

"निनादला सांगायला हवं होतंत."

"सांगून? तिकीट काढेल आणि रद्द करेल. काढल्याचंही सांगेल आणि रद्द केल्याचंही."

सिग्नल सुटला. त्यांनी गाडी पुढे काढली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी फाटकापर्यंत मला भीती वाटत होती. चाक माझ्याबरोबर हलत होतं, मला कळत होतं. फाटकाबाहेर पडले आणि एकदम सगळं शांत. मला वाटलं, बरा झाला हात. वेड्यासारखं दोन दिवस वाटत होतं. मग दवाखान्यात दात बघायचा आरसा हातात घेतला आणि कळलं, हात तोच आहे, गाडी सांभाळून घेतेय. तरी रोज संध्याकाळी किल्ली मागत होते. तुला दोष देत होते."

"मला राग नव्हता आला."

"यायला हवा होता. मी मुद्दाम बोलत होते."

"आणि दवाखाना, आई?"

त्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी शोरूमच्या आवारात वळवली.

मुजावरांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. ऋजुता बसायच्या आधीच म्हणाली, "मी तक्रार करणार नाही, मुजावरसाहेब. गाडी आहे तशी राहू दे."

"राहू दे म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "विहिरी काय चालत तुझ्याकडे येणार आहेत?" त्या मुजावरांकडे वळल्या. "करारात हाताबद्दल काय लिहिलंय, ते सबंध वाचा. हिने वाचलं नाही, मी निदान ऐकते तरी."

मुजावरांनी चौदावं कलम वाचलं. मूळ हाताला कंप असल्याचं निष्पन्न झाल्यास त्या व्यक्तीला गाडी आणि करार स्वतःच्या नावावर घेता येईल, डॉक्टरांचा दाखला जोडून ती चालवताही येईल. पहिल्या सही करणाऱ्याला त्याच अटींवर नवी गाडी मिळेल. अट एकच, मूळ हाताच्या व्यक्तीने हे सगळं स्वतःच्या आवाजात सांगायला हवं. सह्या नातेवाईक करून टाकायचे आणि म्हाताऱ्या माणसांना पत्ताही नसायचा, म्हणून ही सोय. ध्वनिमुद्रण परवाना कार्यालयात जातं, नाव, वय, व्यवसाय यांसह.

"म्हणजे ही गाडी मला आणि हिला दुसरी."

"होय."

"आणि एवढं सोपं होतं, तर हिला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

मुजावर खाली बघत म्हणाले, "बाईसाहेब, बोलायचं तुम्हाला होतं. तुमच्या हाताचं मी त्यांना कसं सांगणार?"

सासूबाईंनी मान हलवली. "लावा मग तुमचं यंत्र."

टेबलावरच्या छोट्या डबीवर हिरवा दिवा लागला.

"आपलं नाव?"

"डॉक्टर नीलिमा श्रीकांत ताम्हनकर."

"वय?"

"सदुसष्ट."

"आपल्या हाताला कंप आहे का?"

"आहे."

"कधीपासून?"

"मला गेल्या दिवाळीत कळलं. हाताला आधीच कळलं असेल."

"गाडीत दोष आहे असं आपलं म्हणणं आहे का?"

"नाही. गाडी शहाणी आहे. गरजेपेक्षा जास्तच."

"व्यवसाय?"

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुजावर थांबले. ऋजुताने पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. तो भरलेला तसाच होता, कुणी उचलला नव्हता. उत्तर एका शब्दाचं होतं. गेली चाळीसेक वर्षं त्यांनी ते विचार न करता दिलं असणार, बँकेत, शाळेत, मतदार यादीच्या माणसाला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर जमखंडीकर वहिनींचं नाव होतं. मुजावरांनी ध्वनिमुद्रण थांबवायला हात पुढे केला, सासूबाईंनी नको अशी खूण केली. फोन कानाला न लावता त्यांनी टेबलावरच ठेवला आणि स्पीकर सुरू केला.

"डॉक्टर, उद्या सोमवार," वहिनींचा आवाज खोलीभर आला. "येऊ ना? का परत लवंग?"

"येऊ नका वहिनी."

"का हो? गावाला चाललात?"

"नाही. इथेच आहे." सासूबाईंनी उजवा हात टेबलावर, हिरव्या दिव्याशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. ऋजुताकडे एकदा पाहिलं. मग फोनकडे वाकून, पेशंटशी बोलतात त्याच स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मी चांगल्या डॉक्टरचं नाव देते, उद्याच दात काढून घ्या. माझा हात थरथरतो, वहिनी. दवाखाना बंद केला मी."